तळ्यावरची हिरवी साय

माझी ताई लातूरला कोचिंग क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायची. चार पर्यायांतला बरोबर कोणता, हे ती प्रश्न पुरता वाचायच्या आत सांगायची आणि घरी आली तरी तोरा तोच. पण मला तिचं सगळ्यात जास्त कौतुक वाटलं ते एका पोळ्याला, तिला उत्तर येत नव्हतं तेव्हा.

भूकंपानंतर गाव नव्या जागी वसलं, तरी बैल धुवायला सगळे जुन्या तळ्यावरच जात. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, आमच्या अण्णांची जोडी पाण्यात पहिली उतरायची. तो मान त्यांनी कधी कोणाला दिला नव्हता. त्या वर्षी तळ्यावर हिरवीगार साय धरली होती. सणाला आलेल्या ताईने पाणी बघितलं आणि थेट कासराच धरला.

"अण्णा, उतरवू नका. हे पाणी पिऊन जनावरं मरू शकतात."

"शेवाळ हाय ते. दरसाल असतंय."

"नावाला शेवाळ, खरे जिवाणू आहेत. शेतातलं खत पावसाने तळ्यात उतरलं की हे माजतात. त्यातल्या काही जाती विष करतात, आणि युरियातलं नत्र भरपूर मिळालं तर जास्तच करतात."

तळ्याच्या वरचा ऊस आमचाच होता. अण्णांनी तिकडे न बघता विचारलं, "मंग ह्यात विष हाय?"

मला वाटलं, आता ही ठोकून देणार. ती म्हणाली, "माहीत नाही. नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही. म्हणूनच नको म्हणते."

मागे जोड्यांची रांग लागली होती, लोक हसत होते. अण्णांनी जोडी वळवली आणि विहिरीवर नेऊन बादल्यांनी धुतली. बाकीचे बैल तळ्यात डुंबले, पाणीही प्यायले, एकालाही काही झालं नाही. गावाला ताईला चिडवायला वर्षभराचा विषय मिळाला. "बरंच झालं की," एवढंच ती म्हणायची.

पुढच्या वर्षी वरच्या उसाला अण्णांनी युरिया हात राखून टाकला. खांदेमळणीला तळं तरीही हिरवं होतं. अण्णा जोडी घेऊन विहिरीकडे निघाले, तर शेजाऱ्याने वाटेत अडवलं. "अण्णा, मागल्या साली कुणाचं जनावर मेलं का?"

"भूकंपाच्या आधी बारके हादरे लई बसले," अण्णा म्हणाले. "तवाबी कुणी मेलं नव्हतं."

शेजाऱ्याची जोडी आमच्या मागोमाग विहिरीवर आली.