केमोच्या खोलीतली आमची कंपनी

सलाईनची बाटली फार सावकाश उतरते हो! मोबाईलची बॅटरी संपलेली असते, बाहेर गुलबर्ग्याचं ऊन, हाताला सुई टोचलेली. मग शेजारच्या खुर्चीतल्या माणसाशी बोलण्याशिवाय दुसरं करणार काय? एक बाटली उतरेपर्यंत एक किस्सा तरी सांगून होतोच. आमची केमो कधीच संपली, किस्से मात्र अजून संपेनात.

आमची कंपनी तिघांची. मी सुनंदा, हुलसूरची, बायकांचे ब्लाऊज शिवते. दुसरी मंठाळची गंगाक्का. घरी शेती, वयानं माझ्या आईएवढी. आम्हा दोघींनाही छातीचा कॅन्सर, आणि ऑपरेशनही एकाच वॉर्डात झालेलं. तिसरे बाबूअण्णा, इथलेच तूरडाळीचे व्यापारी. गुटख्यानं त्यांचा अर्धा जबडा नेला.

*

ऑपरेशन झालं की बगलेतून एक नळी बाहेर काढतात. टोकाला प्लास्टिकची बाटली, तिच्यात जखमेचं पाणी जमतं. ती हातात धरूनच सगळीकडे हिंडायचं. नळी ओढली गेली की जीव जातो!

मी नवऱ्याला घरून अस्तराचं कापड आणायला लावलं. पलंगावरून मी सांगतेय, खुर्चीत बसून तो टाके घालतोय. गळ्यात अडकवायची पिशवी झाली एकदाची. वाकडी झाली, पण दोन्ही हात मोकळे! लगेच गंगाक्कानंही एक शिवून घेतली.

भेटायला आलेल्या तिच्या जावेनं तोंडाला पदर लावून विचारलं, "अक्का, गळ्यात हे काय घालून बसलीस गं?"

गंगाक्का म्हणाली, "पानाची पिशवी. देऊ का एक विडा?"

*

ज्या बाजूचं ऑपरेशन, त्या हाताला सुई टोचू द्यायची नाही, बीपीचा पट्टा बांधू द्यायचा नाही, हे आम्हाला डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं. हात सुजू शकतो म्हणून. पण रक्त काढायला येणारा प्रत्येक जण नेमका तोच हात पुढे ओढायचा.

एकदा गंगाक्का हातभर मेंदी काढून आली. नक्षी नाही, अक्षरं! मनगटापासून कोपरापर्यंत, कन्नडात आणि मराठीत: 'ह्या हाताला सुई न्हाई.'

लॅबवाला हसला. "अक्का, एवढं लिवून कामून आणलाव? तोंडानं सांगायचं की!"

"तोंडानं सांगितल्यालं तुमी ऐकताव व्हय?"

*

तो हात आखडू नये म्हणून व्यायाम असतो. भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि बोटं चालवत चालवत हात वर न्यायचा. रोज थोडा थोडा वर. दुखलं तर थांबायचं, पण दुसऱ्या दिवशी परत भिंत गाठायची.

गंगाक्काला हे शिकवायला आलेल्या पोरीला तिनं विचारलं, "मी काय पाल हाय व्हय गं, भिंतीवर चढायला?"

पोरगी हसायला लागली. मी मात्र काळजीत पडले. माझा हात सैल व्हायला लागला होता, हिचा खांद्यापाशीच अडकलेला. केस विंचरायला सुनेला हाक मारावी लागायची, ते तिला फार लागायचं.

पुढं बऱ्याच दिवसांनी मंठाळला तिच्या घरी गेले. अंगणातून हाक मारली, ओ नाही. आत डोकावले तर बाई भिंतीला चिकटून उभी, घामानं भिजलेली, आणि हात डोक्याच्या वर सरळ गेलेला.

मागं न बघताच ओरडली, "सुनंदा, बघ गं! पाल आढ्याला पोचली!"

*

केस गळायला लागले की उशीवर झुबकेच्या झुबके. रोज थोडं थोडं रडण्यापेक्षा एकदाच कापून टाका, असं नर्सबाईंनी आधीच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. मग एक दिवस शिवलेल्या ब्लाऊजवर माझे केस बघून गिऱ्हाईक दचकलं. मी उठले आणि समोरच्या न्हाव्याच्या दुकानात जाऊन बसले.

"अक्का, बायकांचं आमी करत न्हाई," न्हावी म्हणाला.

"बाई समजू नको. गिऱ्हाईक समज. मशीन लाव, वस्तरा नको, कापलं तर जखम चिघळंल."

दाढीचा फेस लावलेले दोघं आरशातून माझ्याकडं बघायलेत. मशीन फिरलं, केस खाली पडले. मी डोळे गच्च मिटून घेतले होते. न्हाव्यानं टॉवेल झटकला आणि सवयीनं विचारलं,

"दाढी बी करायची का?"

पहिलं हसू माझं फुटलं. मग फेसवाल्यांचं. न्हावी तर हसता हसता बाकड्यावरच बसला!

*

भेटायला येणाऱ्यांचा त्रास वेगळाच. कुणी सर्दी घेऊन येतं, कुणी झाडपाल्याचा काढा, कुणी आपल्या मेलेल्या मावसबहिणीची कहाणी. केमो चालू असताना शरीरात ताकद नसते. साधी सर्दीही महागात पडते.

माझ्या सासूबाई दारातच खुर्ची टाकून बसायच्या. येणाऱ्याला तिथंच अडवायच्या.

"हात धुतलाव का? खोकला हाय का? काढा आणलाव काय? डॉक्टरला विचारल्याबिगर थेंब बी देऊ देणार न्हाई. आन् रडणार हाव का?"

नात्यातल्या एका बाईला हुंदका फुटलाच. सासूबाईंनी शांतपणे मागं बोट दाखवलं.

"रडायचं तर गोठ्यात जावा. म्हशीला कायबी वाटत न्हाई."

*

बाबूअण्णांची तोंडभर जखमच. मीठ-सोड्याच्या पाण्यानं दिवसातून कितीदा तरी गुळण्या, तिखट बंद, स्टीलचा चमचा तोंडात घातला की गंज चाटल्यासारखा; म्हणून खिशात लाकडी चमचा. सगळं पातळ करून, थोडं थोडं, पण खायचं. वजन घटलं तर पुढची केमो लांबते, हे त्यांनी मनावर घेतलं होतं.

भाच्याचं लग्न आलं. पंगत बसली आणि अण्णांनी पिशवीतून चक्क मिक्सर काढला! प्लग शोधला, पुरणपोळी, दूध, तूप घातलं आणि घर्रर्र! भटजींचं बोलणं थांबलं, सनईवाला थांबला.

एक पाहुणे कळवळून म्हणाले, "अण्णा, त्यापरीस घरीच जेवून यायचं की."

अण्णांचं बोलणं आता तुटक, फुटकं. पण त्या दिवशी अख्ख्या मांडवाला कळलं.

"आहेर आणलाय. मिक्सर आणलाय. जेवण तुमचं!"

*

जखम भरल्यावर मी ब्लाऊजला, काढलेल्या बाजूला, आतून खिसा केला आणि कापूस भरला. कापूस हलका, बसस्टँडवर हात वर केला तर सरकून गळ्यापाशी! मग वजनासाठी कापसाच्या आत मूग घातले. झकास बसलं. गंगाक्काला विचारलं, तुलाही शिवून देऊ?

"मला नको. ज्याला बघायचंय त्यानं बघू दे. पण तू पावसात भिजू नको हां."

"कामून?"

"मोड येतील!"

*

आता शेवटचा. त्यातून गंगाक्का बरी झाली, म्हणून हसत सांगता येतो. तेव्हा आमच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

केमोच्या काळात ताप शंभराच्या वर गेला की गोळी घेऊन झोपायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा, हे तिला पाठ होतं. एका दुपारी थर्मामीटर लावला, ताप चढलेला. अंगात हुडहुडी. लेक म्हणाला, "उन्हाचं झालं असंल आई. मोटार गावाला गेलीया, उद्या बघू."

"उद्या तू बघ. मी आजच जायले," म्हणून बाई उठली, पदर खोचला आणि भिंतीचा आधार घेत सडकेवर आली. बस नव्हती. गुलबर्ग्याच्या बाजाराला मेंढरं घेऊन निघालेला एक टेम्पो आला. तिनं आडवं जाऊन तो थांबवला. ड्रायव्हर ओळखीचा. तिला पुढं शेजारी बसवलं, आणि बाजार सोडून टेम्पो थेट दवाखान्यात!

नंतर डॉक्टरीणबाई लेकाला म्हणाल्या, "आज आणलं म्हणून हाती लागल्या." आणि लेकानं मान खाली घातली, कारण आणलं कुणी होतं?

पण त्या दुपारी दवाखान्याच्या दारात काय झालं, ते ड्रायव्हरनं आम्हाला सांगितलं. गंगाक्का खाली उतरली, उभं राहवेना, तरी कुणाचा हात धरला नाही. वॉचमननं अडवलं. "अम्मा, एकट्याच आलाव? पेशंटबरोबर घरचं माणूस पाहिजे. कोण आलंय तुमच्यासंगं?"

गंगाक्कानं मागं वळून टेम्पोकडं बघितलं. फळीवरनं मेंढरं माना बाहेर काढून बघायलेली.

"हे काय," ती म्हणाली, "सगळेच आलेत!"