अक्कानं लावलेला कौल

विंझरला एसटीची वाट बघत उभा होतो. वरच्या वस्तीचा टेम्पो समोर थांबला आणि ड्रायव्हर म्हणाला, "अण्णा, माघारी चला. अक्का गेल्या." मला खरंच वाटेना. अक्का माझी थोरली बहीण. त्याच सकाळी मी तिच्या वस्तीवर तिच्याशी भांडून, चहा तसाच ठेवून खाली उतरलो होतो...

भांडण तिच्या लेकीवरून, सोनालीवरून. बारावीला मार्क जेमतेम, त्यात सगळ्यांत कमी फिजिक्सला, आणि पोरीला बीएस्सीला फिजिक्सच घ्यायचं होतं. मी भोरच्या एका कॉलेजच्या ऑफिसात आहे. असली पोरं पहिल्याच वर्षी गळताना दरवर्षी बघतो. म्हणालो, नर्सिंगला घाल. सोनाली म्हणाली, "मामा, बाकीचं पाठ हुतंय. ह्येच समजत न्हाई, म्हणून ह्येच घ्यायचंय." अक्का हसली. "बापावर गेलीय. शेळी कड्यावर चढली की ह्यो बी मागं चढतोय."

माझं काही ऐकून न घेता ती आम्हाला गावदेवीपुढं घेऊन गेली. आमच्याकडे अडलेल्या गोष्टीला कौल लावतात. मूर्तीच्या दोन्ही अंगांना पाण्यानं फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. डावं फूल अक्कानं चांगलं भिजवून लावलं. उजवं मात्र पदराला हळूच टिपलं आणि जेमतेम टेकवलं. मी बघितलं.

"अक्का, देवीला फसवतीस व्हय गं?"

"फसवत न्हाई रं. वाट मोकळी करून देती. तिच्या मनात आसंल तर तिला तरी का तरास?"

उजवं फूल लगेच पडलं. तिनं हात जोडले, आणि मी चिडलो. पोरीच्या आयुष्याचा खेळ करतेस, म्हणालो, आणि घरी केलेला चहाही न घेता निघालो. तेच आमचं शेवटचं बोलणं... तिच्या छातीत दुखत होतं हे दाजींनी नंतर सांगितलं. कधीपासून, हे मी अजून विचारलेलं नाही.

तेराव्यानंतर दाजी एवढंच म्हणाले, "तुमी सांगाल तसं." आता अडवणारं कुणी नव्हतं. मी सोनालीला भोरला आणलं. प्रवेशाच्या खिडकीपाशी तिनं विचारलं, "झेपंल का ओ मामा?" मला ठाऊक नव्हतं, आजही नाही. पदराला फूल टिपणारा तो हात तेवढा डोळ्यांपुढं होता. खिडकीतल्या माणसाला मीच सांगितलं, "फिजिक्स लिहा."

कॉलेज सुरू झालंय. अक्काचा मोबाईल सोनाली वापरते, आणि माझ्या फोनमधलं नाव मी बदललेलं नाही. परवा दुपारी ऑफिसात स्क्रीनवर 'अक्का' आलं. दोनदा वाजू दिला, मग उचलला.

"मामा, पयल्या चाचणीत नापास झाले. पर का झाले ते कळलंय. सांगू?"

"सांग," मी म्हणालो, आणि ती सांगू लागली. मला त्यातलं फारसं कळत नव्हतं. समोर खिडकीपाशी रांग थांबली होती... मी फोन ठेवला नाही.