एक रिंग म्हणजे ठीक

आम्हा दोघी बहिणींचा एक नियम होता. सकाळचा चहा पिऊन झाला की फोनची एक रिंग द्यायची आणि कापायचा. एक रिंग म्हणजे मी ठीक आहे. समोरचीने तो उचलायचा नाही, फक्त आपली एक रिंग परत द्यायची. म्हणजे मीही ठीक आहे. आणि रिंग दुसऱ्यांदा वाजली तर मात्र बोलायचंय, हातातलं टाकून उचल. झालं, एवढंच. ह्यात समजायला कठीण काय आहे? मला तरी कधी कठीण वाटलं नव्हतं.

ताई मोहन्याला, मी कोपरीत. ती माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. तिचे यजमान तिथल्या कंपनीत होते, आणि ते गेल्यावरही ताईने मोहनं काही सोडलं नाही. भाचा डोंबिवलीला राहतो, तो म्हणायचा, आई चल. ही म्हणायची, "तुझ्या सातव्या मजल्यावर मला कोण ब्लाउज टाकायला येणार?" कारण ताई ब्लाउज शिवायची. सगळी वसाहत तिच्याकडे. टेप गळ्यात असायची पण ती दाखवायला. बाई दारात उभी राहिली की हिला माप कळायचं. आणि तिची एक खोड होती, प्रत्येक ब्लाउजच्या आत दोन्ही बाजूंना दोन बोटं कापड दाबून ठेवायची. म्हणायची, "आता बारीक आहेस गं, पण सुटशील. तेव्हा उसव आणि मला दुवा दे." तोंडावर सांगायची हो, नव्या नवरीलासुद्धा.

रिंगची पद्धत तशी जुनी. मोबाइल नवेनवे आले तेव्हा बोलायला पैसे पडायचे, म्हणून ती माझ्याकडून घरी गेली की पोचले म्हणून एक रिंग द्यायची. ती एकटी पडली तेव्हा आमचे हे म्हणाले, "अगं, रोज सकाळी देत जा म्हणावं. म्हाताऱ्या माणसाचं काय सांगावं." तेव्हापासून रोज. नंतर बोलणं फुकट झालं, तरी आम्ही आपल्या एका रिंगवरच. मुलगा हसायचा. "आई, आता व्हिडिओ कॉल पण फुकट आहे. तुम्ही कुठल्या जमान्यात आहात?" मी म्हणायचे, असू दे रे, रोज उठून काय बोलायचंय? आणि खरं सांगते, त्या एका रिंगमध्ये जे होतं ते तासभर बोलण्यात नव्हतं.

ह्यांना तर तो खेळच झाला होता. हे वर्कशॉपमध्ये टर्नर, चाळीस वर्षं लोखंड मोजलेलं, त्यामुळे घरातही सगळं मोजून. सकाळी पेपर घेऊन बसायचे. आधी निधन वार्ता. मोठ्याने वाचायचे, वयासकट. "हा बघ, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. गेला." मी म्हणायचे, अहो सकाळी सकाळी हे काय. तेवढ्यात फोन वाजायचा. पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "एक... थांबली. मोहनं सुखरूप!" स्टेशनवर अनाउन्समेंट करतात ना, त्या आवाजात. मग मी चहाचे कप उचलायचे. इतकी वर्षं हे असंच. एकदा ह्यांनी चुकून पहिल्याच रिंगला उचलला, तर तिकडून ताई ओरडली, "अहो जावईबापू, माझा रुपाया गेला!" हे म्हणाले, "ताई, पुढच्या वेळी याल तेव्हा घेऊन जा, व्याजासकट." ती खरंच आली आणि दारातच हात पुढे केला. त्यांनीही खिशातून काढून दिला. दोघं लहान मुलांसारखे.

मार्गशीर्षात हे गेले. पाच दिवस दवाखान्यात, सहाव्या दिवशी संपलं. ते सगळं मी लिहीत बसत नाही. पेपरात मुलाने बातमी दिली, वयासकट. ती मोठ्याने वाचायला कोणी नव्हतं. मी पेपर घडी करून गादीखाली ठेवला, अजून तिथेच आहे.

ताई आली ती महिनाभर राहिली. माझ्या शेजारी झोपायची, माझी वेणी घालायची, जेवले नाही तर ओरडायची. रडायची मात्र नाही. म्हणायची, "दोघी रडलो तर भात कोण लावणार?" निघायची वेळ आली तेव्हा विचारलंन, "बयो, राहू का अजून थोडे दिवस?" मला सत्तरी उलटली तरी तिची मी बयोच. मी म्हटलं, नको गं, तुझं घर बंद आहे, लोकांचे कपडे पडलेत. मी ठीक आहे. तिने माझ्याकडे जरा बघितलं. मग माझ्याच कपाटातून तीन ब्लाउज काढून पिशवीत टाकले. "हे आता तुला लोंबतात. आत घेऊन देते. जन्मभर सुटशील सुटशील म्हणून कापड ठेवलं, आणि तू आत घ्यायची वेळ आणलीस."

ती गेली आणि रिंग सुरू झाल्या. सकाळी फोन वाजायचा, एक, थांबायचा. मोहनं सुखरूप म्हणायला कोणी नाही. मी आपली एक रिंग परत द्यायचे. कोपरी सुखरूप. कसली सुखरूप. कितीतरी दिवस मी चहासुद्धा केलेला नसायचा. अंथरुणात पडूनच रिंग द्यायचे आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करायचे. पण एक रिंग दिली, म्हणजे ठीक.

पाडव्याला तिने दोन रिंग दिल्या. मी उचलला. आमच्याकडे ह्या वर्षी गुढी नव्हतीच. ती म्हणाली, "गुढी नाही तर नाही. कडुलिंब खाल्लास का?"

मी म्हटलं, तोंड कडू करायला मला आता सण कशाला हवा?

ती हसली. "जीभ शाबूत आहे म्हणजे जगशील. ब्लाउज कच्ची टीप घालून ठेवलेत, येशील तेव्हा अंगाला लावून बघू, मग पक्के करीन. कधी येतेस?"

येते म्हटलं, जरा ऊन उतरू दे. चैत्रात ऊन कधी उतरतं का? मला कुठे जावंसंच वाटत नव्हतं, म्हणून म्हटलं.

त्यानंतर सहा-सात दिवस गेले असतील. सकाळची वेळ, नळाला पाणी आलेलं. आमच्याकडे पाणी आलं की हातचं सगळं सोडून भरावं लागतं. सात वाजून पाच-सात मिनिटं झाली असतील, फोन वाजला. एक. थांबला. मी मनात म्हटलं, आज लवकर. पिंप भरत होते, म्हणून परतीची रिंग लगेच दिली नाही. म्हटलं, पाणी झालं की देते. मग पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा वाजला. एक. थांबला.

मी हसले. हो, हसले मी. म्हटलं, विसरली वाटतं दिलेली. म्हातारी झाली. माझी परत गेली नाही म्हणून रागावली असेल. मग ओले हात पदराला पुसले आणि तिला एक रिंग दिली.

साडेअकराला भाच्याचा फोन. "मावशी, तू आधी बस." असं म्हणाल्यावर पुढे काय सांगायचं राहतं? खालच्या बाईंनी दाराला दुधाची पिशवी तशीच लटकलेली बघितली, हाका मारल्या, भाच्याला कळवलं. त्याच्याकडे चावी होती. ताई ओट्याखाली पडलेली. फोन हाताजवळ.

मुलगा म्हणाला, आई थांब, मी गाडी घेऊन येतो. तो घोडबंदर रोडला ट्रॅफिकमध्ये अडकला. मी चपला घालून, पिशवी मांडीवर घेऊन दाराजवळच्या खुर्चीत दीड तास बसले. रिक्षा करून निघता आलं असतं. सुचलं नाही. ते दीड तास मी फोनकडे बघत होते, जणू ती अजून देईल.

पोचले तेव्हा तिला बाहेरच्या खोलीत ठेवलेलं होतं. बायका बसलेल्या. मी पाणी प्यायला म्हणून आत गेले. ओट्यावर पातेलं होतं. गॅस बंद. पातेल्यात चहा, दूध घालून उकळलेला, न गाळलेला, वर साय धरलेली. शेजारी कप आणि त्यावर गाळणी, दोन्ही कोरडी. मी ते बघितलं. आणि मग काय केलं माहीत आहे? चहा मोरीत ओतला, पातेलं घासलं, उपडं घातलं. लोक आत येतील, पसारा दिसायला नको म्हणून. बायकांची जातच अशी, घरात माणूस गेलेलं असलं तरी ओटा पुसतील.

भाच्याने नंतर तिचा फोन मला दाखवला. माझ्या नावावर दोन कॉल, सात वाजून सहा आणि सात वाजून चोवीस. त्यानंतर माझी आलेली एक रिंग. तो म्हणाला, "मावशी, मनाला लावून घेऊ नकोस. डॉक्टर म्हणाले, कधी झालं ते सांगता येत नाही. ती रोजचीच रिंग असेल. विसरून दोनदा दिली असेल." मुलगाही तेच म्हणतो. सगळे तेच म्हणतात, आणि प्रेमाने म्हणतात.

पण त्यांना नियम माहीत नाही ना. चहा पिऊन झाला की रिंग. इतक्या वर्षांत ताईने चहाच्या आधी रिंग कधी दिली नाही. तोंडात चहा पडल्याशिवाय मी ठीक आहे कशावरून, असं तीच म्हणायची. आणि त्या दिवशी चहा पातेल्यातच होता. पहिली रिंग चहाच्या आधीची होती, हे जगात एकट्या मलाच कळतं, आणि ते पातेलं मी माझ्या हाताने घासून टाकलंय. कुणाला सांगितलं नाही. भाच्याला काय सांगू? तुझी आई खाली पडून मला बोलावत होती, बोट घसरून फोन एका रिंगलाच कापला जात होता, आणि मी पिंप भरत होते?

कधीकधी मनाची समजूत घालते, की ती एखाद्या दिवशी दुसरा चहाही टाकायची. पहिला पिऊन, कप धुऊन, पुसून ठेवला असेल, रिंग दिली असेल, आणि मग दुसरा टाकला असेल. होऊ शकतं. असं घडीभर वाटतं. मग आठवतं, की कप पुसून ठेवणारी ताई नव्हे. ती उपडा घालायची.

आणि हे असते तर? हेच मला खातं. हे खुर्चीत बसलेले असते, पहिली वाजली असती तेव्हा म्हणाले असते, मोहनं सुखरूप. दुसरी वाजली असती तेव्हा पेपर खाली ठेवला असता. "अगं, दोन झाल्या." मी म्हटलं असतं, अहो, ह्या वेगवेगळ्या आहेत, एक आणि एक. ते म्हणाले असते, "एक आणि एक दोनच होतात. फोन कर." त्यांनी केलाच असता, माझ्याशी भांडून केला असता. घरात मोजणारं माणूस गेलं ते मार्गशीर्षात, आणि ताई गेली चैत्रात. लोक म्हणतात, एका वर्षात दोन दुःखं. मला ती दोन वाटत नाहीत.

ब्लाउज भाच्याने आणून दिले. तिन्ही. कडेला पांढऱ्या दोऱ्याची कच्ची टीप, लांब लांब टाके. अंगाला लावून बघायचे राहिले. पक्के करायला दुसऱ्या शिंपिणीकडे दिले तर तिला आधी हा दोरा उसवावा लागेल. म्हणून दिले नाहीत. लोंबणारेच घालते.

मुलगा म्हणतो, घोडबंदरला चल. तोपर्यंत म्हणे, "आई, रोज सकाळी एक अंगठा पाठव. म्हणजे तू बरी आहेस हे मला कळेल." मी त्याच्यावर इतकी ओरडले, इतकी ओरडले, की त्यालाही कळेना काय झालं. म्हटलं, मी फोन करीन आणि तू उचलायचा. मीटिंग असो, काही असो, उचलायचा, आणि माझा आवाज ऐकायचा. तो बिचारा उचलतो. "बोल आई, बरी आहेस ना?" आणि मी म्हणते, हो रे, ठीक आहे.

बघा, तोंडाने बोलूनसुद्धा मी तेच सांगते. ताईला मी तीन महिने रोज एक रिंग देत होते, आणि त्यातली एकही खरी नव्हती. मग तिच्या तरी किती खऱ्या होत्या? तिलाही रात्रीची झोप नव्हती का, छातीत कळ येत होती का, चहा कडू लागत होता का, मी कधी विचारलं? वाजली, थांबली, झालं. दोघी बहिणी रोज सकाळी एकमेकींना फसवत होतो, प्रेमाने. आणि शेवटी, ती ओट्याखाली पडलेली असताना, तिच्या हाताजवळचा फोन एकदा वाजला असेल. तिने ऐकला असेल. त्याचा अर्थ तिला पक्का ठाऊक होता. बयो ठीक आहे. उचलायचा नाही.