दाराजवळच्या खोक्यातले गडी

चंद्रपूर आणि गडचिरोली असे दोन्ही जिल्हे धरून, जंगलातली माणसं, नदीकाठची माणसं आणि घुग्घुसच्या रस्त्यावर धूळ खात उभे असलेले ट्रकवाले असे सगळे मिळून, अमेरिकन फुटबॉल कळणारा एकच इसम आहे आणि तो माझा मामसासरा, म्हणजे बायकोचा मामा आहे, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. कळतो म्हणजे त्यांना त्यातला एकच खेळाडू कळतो. बाकीचे एकवीस जण मैदानावर काय करतात याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. जो गडी बॉल पोटाशी धरतो, डोकं खाली घालतो आणि समोर उभ्या असलेल्या तीन-तीन मणांच्या माणसांच्या भिंतीत सरळ शिरतो, तो त्यांचा. तिकडे त्याला रनिंग बॅक म्हणतात. मामाजी त्याला लोडर म्हणतात.

कारण मामाजी स्वतः लोडर होते. घुग्घुसकडच्या एका खदानीत, जमिनीखाली, डोक्यावर दिवा लावून, दोघादोघांच्या जोडीनं टोपल्यांत कोळसा भरायचा आणि टोपल्या नेऊन रुळांवरच्या लोखंडी डब्यात, म्हणजे टबात ओतायच्या, हे काम त्यांनी मशीन येईपर्यंत केलं. पुढं त्यांची मुलगी शिकली, अमेरिकेत एका प्रयोगशाळेत लागली आणि एका हिवाळ्यात बापाला सहा महिन्यांसाठी घेऊन गेली. बाहेर गुडघाभर बर्फ, आत मामाजी आणि टीव्ही. पहिल्या आठवड्यात त्यांना वाटलं, हे लोक कशावरून तरी भांडून राहिलेत. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी तो बॉल पोटाशी धरणारा गडी ओळखला. तिसऱ्या आठवड्यात मुलीच्या शेजाऱ्यांकडं सगळी मंडळी सामना बघायला जमली होती, तेव्हा तो गडी आठ-दहा जणांच्या ढिगाखाली गेला आणि आमचे मामाजी खुर्चीवरून उठून ओरडले, "काढा त्याले! आधी तोंड मोकळं करा त्याचं!" सगळे हसले. मुलगी हसली नाही. खदानीत छत बसलं की काय ओरडतात हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

खेळ त्यांनी स्वतःच्या पद्धतीनं समजून घेतला. मागं उभा राहून बोट दाखवणारा आणि बॉल लांब फेकणारा जो क्वार्टरबॅक असतो, तो मुंशी, म्हणजे खदानीतला टोपल्या मोजणारा कारकून. "ज्याच्या कपड्याले माती लागत नाई तो मुंशी. इथी बी अन् तिथी बी." पुढं वाकून रांगेत उभे राहणारे जाडजूड गडी म्हणजे छताला लावलेले लाकडी खांब. आणि हल्ली म्हणे त्या खेळात बॉल घेऊन घुसण्यापेक्षा फेकण्यालाच जास्त मान आहे. पूर्वी ज्या लोडरच्या जिवावर अख्खी टीम चालायची, त्याला आता चार वर्षं दामटतात, गुडघे खिळखिळे झाले की सोडून देतात आणि दुसरा कोवळा गडी आणतात. मुलीनं हे समजावून सांगितलं तेव्हा मामाजींना जराही नवल वाटलं नाही. "म्हणजे कन्व्हेयर बेल्ट लावला त्याईनं," ते म्हणाले. "माल आता वरच्या वर जाते. माणूस कोणाले पायजे?"

आता कार्डांविषयी. तिकडे खेळाडूंची चित्रं छापलेली पत्त्यांएवढी कार्डं मिळतात आणि मोठमोठी माणसं ती गोळा करतात. मुलीच्या घराजवळच्या कार्डाच्या दुकानात मुंश्यांची कार्डं काचेच्या कपाटात, कुलपात. आणि दाराजवळ, जिथं लोक पायातला बर्फ झाडायचे, तिथं खाली जमिनीवर एक पुठ्ठ्याचं खोकं. त्यात कोणाला नको असलेली कार्डं. मामाजी उकिडवे बसले आणि बघतात तर खोकं लोडरांनी भरलेलं. सगळी जात एका खोक्यात! परत येताना विमानतळावर त्यांच्या बॅगेत दोन शर्ट, एक स्वेटर आणि ते अख्खं खोकं होतं.

लोक ही कार्डं प्लास्टिकच्या पाकिटांत जपतात. मामाजींनी पाकिटं फेकून दिली. "पन्नीत तं मेलेल्याले गुंडाळतात," ते म्हणाले. त्यांनी एक प्लायवूडची फळी घेतली, तिच्यावर खिळ्यांच्या रांगा ठोकल्या आणि प्रत्येक कार्डाला भोक पाडून ते खिळ्याला अडकवलं. भोक पाडलेलं कार्ड पाहून एखाद्या अमेरिकन संग्राहकाला चक्कर येईल. पण खदानीत हजेरीचे बिल्ले असेच लावतात. माणूस खाली उतरला की त्याचा बिल्ला एका बाजूला, वर आला की दुसऱ्या. पाळी संपल्यावर फळी बघितली की कोण अजून खाली आहे ते कळतं. दर सोमवारी सकाळी मुलीचा फोन येतो. कोणाचा गुडघा गेला, कोणाला टीमनं काढलं, ती सांगते आणि मामाजी कार्डं उचलून 'खाली' मधून 'वर' मध्ये लावतात. मध्येच कार्डावरचा वयाचा आकडा बघून हळहळतात. "अठ्ठावीस वर्षाचा हाय पोरी हा! अठ्ठाविसाव्या वर्षी कोणी म्हातारा होते काय?" पलीकडून मुलगी म्हणते, "त्या कामात होतात, बाबा." मग मामाजी ते कार्ड शर्टाला पुसतात आणि 'वर'च्या खिळ्याला अडकवतात.

एकदा मुलीचा एक सहकारी ताडोबाचे वाघ बघायला आला आणि वाट वाकडी करून घुग्घुसला जेवायला आला. वाघ दिसला नव्हता, पण मामाजी दिसले. बिचाऱ्यानं मोठ्या हौसेनं एका नामांकित मुंशीचं चकचकीत, सोनेरी काठाचं कार्ड भेट आणलं होतं. मामाजींनी ते उजेडात धरलं, वास घेतला आणि मुलीला फोन लावून म्हणाले, "त्याले सांग, जेवण झ्याक झालं असंन तर हे परत ने म्हणा. अन् त्याच्याजवळ एखादा मुडपलेला, कोपरे गेलेला लोडर असंन तर दे म्हणा." पाहुण्यानं पाकीट उपसलं. आत एक होता, लहानपणापासून बाळगलेला, मधोमध घडी पडलेला. त्यानं तो दिला आणि देताना त्याचे डोळे भरले. हे मी स्वतः पाहिलं. मी भाजी वाढत होतो.

त्या दिवसापासून मामाजींच्या डोक्यात नवं खूळ शिरलं. आपल्या खदानीतल्या लोडरांची कार्डं काढायची. जुन्या ओळखपत्रांवरचे फोटो गोळा करायला मला कामाला लावलं. बल्लारपूरपासून राजुऱ्यापर्यंत मी मोटरसायकलवर फिरलो. कोणाचा फोटो लग्नातल्या अल्बममधून कापला, कोणाचा भिंतीवरच्या हारातून सोडवला. फोटोच्या दुकानात पुढं चित्र, मागं मजकूर असं छापून घेतलं. मजकूर मामाजी सांगायचे: उंची, बांधा, फावडं डावं की उजवं, डब्यात कशाची भाजी, अंधारात गाणं म्हणायचा की नाही. एकाच्या मागं लिहिलंय, 'भीत होता, पण रोज येत होता.' ज्यांच्या घरी ती कार्डं गेली त्या बाया कितीतरी वेळ ती उलटून पालटून बघायच्या.

फळी भरली. एक खिळा रिकामा होता. तो त्यांच्या स्वतःच्या कार्डाशेजारचा, त्यांच्या जोडीदाराचा. मी विचारलं की म्हणायचे, "लांब राह्यते तो." दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणाले, "पाऊस होऊ द्या." तिसऱ्यांदा मी विचारलंच नाही, तेव्हा एका सकाळी स्वतःच हेल्मेट घालून माझ्या दारात उभे. "चला जवाईबापू. आष्टीच्या पुलापलीकडे जायाचं हाय."

गोंडपिपरीला चहाला थांबलो तेव्हा कप हातात धरून म्हणाले, "मशीन आली तेव्हा जोडीतला एकच ठेवणार होते. साहेबानं एकेकाले आत बोलावलं. मले म्हणे, तुह्या जोडीदाराची कमर कशी आहे? मी म्हटलं, दुखते."

"मग? दुखत नव्हती का?"

"दुखत होती. खोटं नाई बोललो मी." त्यांनी कप खाली ठेवला. चहा तसाच होता. "पण माह्यी बी दुखत होती, जवाईबापू. ते नाई सांगितलं. तो घरी गेला अन् मी पेन्शनीपर्यंत राह्यलो. पोरगी शिकली ती त्या पगारावरच. तो काई बोलला नाई. मी बी काई बोललो नाई. त्याच्या दारात कधी गेलोच नाई."

म्हणजे फोटो हे निमित्त होतं. ते माफी मागायला निघाले होते, आणि ती मिळेल की नाही याची त्यांना धास्ती होती.

गाव नदीच्या काठावर, जाळी टाकून पोट भरणाऱ्यांचं. जोडीदार अंगणात खाटेवर बसून जाळं विणत होते. पाठ इतकी वाकलेली की आमच्याकडं बघायला त्यांना मान वाकडी करावी लागली. बघितलं आणि म्हणाले, "काऊन रे, मेला नाई अजून?"

"तुले इचारल्याबिगर कसा मरू?"

"बस मंग. फोटोवाल्याले घेऊन आला काय?"

"जवाई हाय माह्या."

"मंग तं चांगलं बसवा लागंन." आणि घरात पाहून ओरडले, "अवो, खदानीतला चोर आला! कांदे लपव!" पूर्वी मामाजी त्यांच्या डब्यातला कांदा पळवायचे, हे मला तेव्हा कळलं.

मामाजींनी कार्डं दाखवली. जोडीदारांनी एकेक डोळ्याजवळ नेऊन ओळखलं. "हा गेला. हा बी गेला. हा जिवंत हाय? बेशरम." स्वतःचं कार्ड काढायचं म्हटल्यावर म्हणाले, "आता काय फोटो काढतं माह्या? आधार कार्डात पाय, त्यात मी चोरावानी दिसतो." मामाजी हसले नाहीत. खाटेच्या कडेला बसून, जमिनीकडं बघत, त्यांनी ते साहेबाचं सगळं सांगून टाकलं. गोंडपिपरीला मला सांगितलं होतं त्याच शब्दांत. बहुतेक इतकी वर्षं ते शब्द पाठ करत होते.

जोडीदाराची बोटं जाळ्यात थांबली. मग पुन्हा चालू झाली. "कोणता साहेब?" ते म्हणाले. "मले कोणी काढलंच नाई बा. मीच सोडून आलो ना. नदीची सवय आपली, खाली दम घुटमळे. तुह्या डोक्यात भलतंच काई भरलं हाय."

"सोडून आला तू?"

"हव. तुले आठवत नाई? म्हातारा झाला तू."

मामाजी त्यांच्याकडं बघत राहिले. मग त्यांचा चेहरा असा काही खुलला की मी फोन काढून फोटो घ्यायचं विसरलो. नंतर घेतला. जोडीदार एकट्याचा काढू देईनात. "टब काई एकट्यानं भरत नाई," म्हणाले. म्हणून त्या कार्डावर दोघं आहेत.

निघताना मामाजी नदीकडं गेले होते, मी गाडी वळवत होतो. जोडीदाराच्या बायकोनं पळसाच्या पानात गुंडाळलेले मासे माझ्या हातात दिले आणि आवाज खाली आणला. "भाऊ, आमच्या घरच्यायले सारं आठवते. साहेबानं काय इचारलं, तुमच्या मामाजीनं काय सांगितलं, सारं. मुंशीनं त्याच सांजेले सांगतलं होतं. इतके वर्ष मनात धरून हायेत. आज काऊन असं बोलले, मले बी नाई समजलं. तुमी मामाजीले सांगू नका." मोतीबिंदू झाल्यापासून मामाजी कार्डावरच्या मोठ्या आकड्यांपलीकडं काही वाचत नाहीत, म्हणून हे इथं लिहायचं धाडस करतो.

परतीच्या वाटेत ते गात होते. माझ्या खांद्यावर थापा मारत होते. "पाहा जवाईबापू! मी उगाच मरून राह्यलो होतो. गडी स्वतःच निघून आला होता!" मी, जो चहाच्या टपरीवर ऐकलेली गोष्ट घरी पोचेपर्यंत पोटात ठेवू शकत नाही, घुग्घुसपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही.

या उन्हाळ्यात जोडीदार गेले. आम्ही दोघं मातीला गेलो होतो. नदीवरून परतल्यावर अंगणात गावातली मंडळी बसली होती आणि मामाजी त्यांना, रडत आणि थोडं हसत, आपला जोडीदार कसा होता ते सांगत होते. ताकद किती, गाणं कसं, कांदा कसा लपवायचा. शेवटी म्हणाले, "पण एक सांगतो. इतका साफ माणूस मी पाह्यला नाई. त्याच्या मनात कोणाविषयी काईच नव्हतं."

जोडीदाराची बायको भिंतीला टेकून बसली होती. तिनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग मामाजींकडं. पदर सारखा केला.

"नव्हतंच, भाऊ," ती म्हणाली. "काईच नव्हतं."