गुडघ्याशी माइक

धानाच्या मुलखातल्या आमच्या गोरेगावचा रेकॉर्डिंगवाला वाईट गायलं तरी तसं म्हणत नाही, नुसता कान खाजवतो आणि म्हणतो, "आजी, आणखी एकदा."

नातींसाठी धानाच्या रोवण्याचं, म्हणजे भातलावणीचं, एक तरी गाणं राहावं, म्हणून त्याच्याकडे खेटे घालून मी थकले. तरुणपणी मी बांधीत, भाताच्या चिखलात, अशी ओरडायची की बगळे उडून जायचे, आणि मी येडी त्यालाच चांगला गळा समजायची!

काल माइकपुढं पुन्हा तसाच आवाज ताणला.

"रोवणा ताठ उभ्यानं करत होत्या का जी?" म्हणत त्यानं माइक माझ्या गुडघ्याशी आणला.

"मारतोस का मले, बापा?" म्हणत मी वाकले आणि तशीच गायले. आवाज खाली आला, ओळीओळीला दम लागला.

"हा दम काढून टाक," मी म्हटलं.

"राहू द्या, आजी. बांधीत लागत नव्हता का?"

मग दोघांनी गाणं ऐकलं. त्यानं कान खाजवला नाही.