थंड चुलींचा पंचनामा

खाकी उतरवून इतकी वर्षं झाली, पण दिंडोशीपलीकडच्या वाडीतली ती म्हातारी अजून माझ्या डोक्यातून जात नाही, बघा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तिथल्या भातशेतीवर नवं शहर वसवायचं ठरलं होतं. मोजणीवाल्यांनी रोवलेले दगड रोज कुणीतरी उपटायचं. तपास माझ्याकडे आला. मी तेव्हा फौजदार. नाक्यावरच्या चहावाल्यानं खबर दिली, "बाई, तळ्यात बघा." तळ्यात माणूस उतरवला, तर अकरा दगड निघाले.

म्हातारी आपण होऊन ठाण्यात आली. "मीच टाकले. लिव."

"एकटीनं?"

"एकटीनंच. आणि नाव पण एकटीचंच लिव."

"अहो आजी, हा हवालदारसुद्धा दोन उचलू शकत नाही!"

"त्यानं भात लावलाय कधी? तुमच्या कागदात आमची वाडी नाय ना? मग माझ्या दारात दगड कशाला?"

ते मला खटकलं. मोजणीची फाइल मागवली. पंचनाम्यात लिहिलं होतं, 'घरे बंद, चुली थंड, वस्ती आढळली नाही.' या एका ओळीवर तीस घरं भरपाईशिवाय पाडायची होती!

मी तारीख बघितली, भिंतीवरचं कॅलेंडर उलटलं आणि कपाळावर हात मारला. शिळा सप्तमी! त्या दिवशी चूल पेटवतच नाहीत, आदल्या दिवशीचं खातात. बायका पूजेला तळ्यावर, पुरुष शेतात. आमच्या घरी आईसुद्धा हेच करायची.

पंच निघाले शहर बांधणाऱ्या ठेकेदाराची माणसं, वाडीतली नव्हे, मरोळची. समोर बसवून विचारलं, तर एकजण म्हणाला, "मोजणीवाल्यांनी चुलीत हात घालून बघितला ना, मॅडम. राख गार होती."

"शेजारी कुणाला विचारलं?"

दोघांनीही नकारार्थी मान हलवली, तसं मी जबाबात लिहून घेतलं.

वरिष्ठ म्हणाले, "म्हातारीवर केस करा. बाकीचं आपलं काम नाही."

"करते, साहेब. पण हा पंचनामा आणि पंचांचे जबाब केसला जोडणार. नको असेल तर तसा लेखी आदेश द्या."

लेखी कोण देतंय! पंचनामा केससोबत कोर्टात गेला. म्हातारीला कोर्टानं समज देऊन सोडलं. वाडीची पाहणी पुन्हा झाली, ती माझ्यासमोर, ऐन जेवणवेळी. तीसही घरं नकाशावर चढली. शहर आलंच, पण वाडीला वळसा घालून.

माझी बदली झाली. होऊ दे की! तिथून पुढे 'जागा रिकामी' असं लिहिलेला एकही कागद मी तिथल्या बाईमाणसाला विचारल्याशिवाय खरा धरला नाही. कुणी नाक मुरडलं तरी.