बारसं राहिलेली चांदणी

आमचे गणकबुवा गळ्यातलं जानवं दोन अंगठ्यांत ताणून आभाळापुढे धरायचे आणि एक डोळा मिटायचे. दोन तारे सुतावर आले की तिसरा वर आहे की खाली, ते पाहायचं. एवढंच त्यांचं यंत्र. त्यापायी ते जानवं सदा ढिलं पडून गुडघ्याशी लोंबायचं. तुमच्यापैकी कुणी त्यांना पेठेतून जाताना पाहिलं असेल, तर हसलाही असाल. भटजींनी टोकलं की ते म्हणत, “ब्रह्मदेवाची तक्रार दिसू द्या आधी.”

‘दिसू द्या आधी’ हे त्यांचं पालुपद. जेवायला बोलावलं तरी, “पान दिसू द्या आधी.” सदाशिव पेठेत हौदाजवळ राहून ते पंचांग करीत आणि मी त्याच्या नकला उतरून देत असे. माझं अक्षर बरं, म्हणून मला ठेवलं होतं. बाकी माझ्याबद्दल त्यांचं मत काही बरं नव्हतं.

एका फाल्गुनात दिवेलागणीनंतर माळवदावरून त्यांची हाक आली. मी धावत वर गेलो. कन्या राशीत एक बारीकशी चांदणी होती. आदल्या दिवशी ती सुताच्या वर होती, आज सुतावर आली होती. चांदण्या अशा हलत नाहीत हो! हलतात ते ग्रह, आणि ग्रह तर सगळे मोजलेले. माझ्या अंगावर काटा आला.

“पंचांगात घालायची?” मी विचारलं. “नाव काय लिहू?”

“बारा रात्री दिसू द्या आधी,” ते म्हणाले. पण आवाजात नेहमीचा खवचटपणा नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नीने, काकूंनी, ताक देता देता मला सांगितलं. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी त्यांना मुलगी झाली होती. बारशासाठी पाळणा बांधला, नावही ठरलं, आणि अकराव्या दिवशी ती गेली. “कानात नाव सांगायचं राहिलं हो,” काकू म्हणाल्या. त्या घरात ते नाव पुन्हा कुणी उच्चारलं नव्हतं.

चांदणी अकरा रात्री दिसली. बाराव्या रात्री वळवाचं आभाळ आलं आणि आठ दिवस हललं नाही. निवळलं तोवर चंद्र मोठा झाला होता. त्याच्या उजेडात ती पार हरवली, आणि तो ओसरेपर्यंत मंदावून नजरेपलीकडे गेली.

बुवा गणिताला बसले. मंगळ सव्वीस महिन्यांनी पुन्हा समोर येतो, गुरू तेरा महिन्यांनी. हिची चाल दोघांच्या मधली, म्हणजे ही सोळा-सतरा महिन्यांनी यायची. मोजून पाहिलं, तर नेमका श्रावण! घ्या! बुवा घोंगडी पांघरून रोज संध्याकाळी माळवदावर भिजले आणि खोकला घेऊन खाली आले. त्यापुढची फेरी पौषात होती. तोवर त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला.

मग जानवं त्यांचं आणि डोळा माझा.

“दिसते?”

“नाही, बुवा.”

रोज हेच. खोटं सांगावंसं फार वाटे, पण त्या माणसाशी खोटं बोलवत नसे. एका संध्याकाळी त्यांनी जानवं सोडून दिलं. “म्हणजे हीसुद्धा गेली,” ते म्हणाले आणि भिंत चाचपत जिना उतरले.

चारच दिवसांनी पंचांगाची नक्कल द्यायला मी संगमावर इंग्रजांच्या वकिलातीत गेलो. तिथल्या मुनशीने बोलता बोलता सांगितलं, की मंगळ आणि गुरूच्या मध्ये एक बारका ग्रह सापडलाय. विलायतेकडच्या कुणा वैद्याने दुर्बिणीतून पाहिला, कन्या राशीत, त्याच फाल्गुनात. बुवांची चांदणी दुसऱ्याच्या नावावर लागली, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? मी मुद्दाम लांबच्या वाटेने घरी आलो.

तरी सांगितलं. त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

“अजून दिसते त्यांना?”

“दुर्बिणीतून दिसते. दर फेरीला.”

“नाव ठेवलं?”

“हो. त्यांच्याकडच्या चुलीतल्या अग्नीच्या देवीचं.”

“अगं, ऐकलंस का?” त्यांनी स्वयंपाकघराकडे हाक दिली. “तिचं नाव ठेवलं गं कुणीतरी. जगली ती!” आणि हा कडू जिभेचा माणूस हमसून हमसून रडला. मीही रडलो; लपवायचं काय त्यात?

पावसाळा लागला आणि खोकल्याने ते गेले.

पुढच्या वैशाखात मी माझं जानवं ताणून त्यांच्या माळवदावर उभा राहिलो. त्यांच्या गणिताप्रमाणे ती वृश्चिकेत यायची होती. तिथेच होती, आणि या फेरीला जवळून जात असावी, पूर्वीपेक्षा चांगली ठसठशीत. मी रोज जाऊन मोजत राहिलो. एकही रात्र चुकली नाही.

बाराव्या रात्री काकू गुडघ्यांवर हात देत वर आल्या. मी बोट दाखवलं. त्यांना दिसली की नाही, मला ठाऊक नाही. पदर सावरून त्या जरा पुढे वाकल्या, पाळण्यावर वाकावं तशा, आणि हळूच एक नाव बोलल्या.